पानात बांधलेले इन्सुलिन : प्रस्तावना

इन्सुलिन तोंडावाटे देता यावे ही इच्छा इन्सुलिनइतकीच जुनी आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी सिद्ध केलेला स्वादुपिंडाचा अर्क प्रथम टोचण्यात आला. तो अशुद्ध ठरल्याने थांबवावा लागला. कॉलिप या रसायनज्ञाने तो शुद्ध केल्यानंतर २३ तारखेपासून उपचार पुन्हा सुरू झाला, आणि मरणपंथाला लागलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. सुईचे हे उपकार मान्य करीत असतानाच सुईचा जाच चुकविण्याच्या खटपटीलाही आरंभ झाला होता. इन्सुलिन मद्यार्कात मिसळून पाजण्याचा प्रयोग १९२३ सालीच इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो मार्ग पुढे चालला नाही. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कितीक विद्वानांनी आणि धनाढ्य कंपन्यांनी या एका प्रश्नापायी आपली बुद्धी व तिजोरी खर्ची घातली, आणि तरीही आपल्या गावच्या औषधाच्या दुकानात आज जे इन्सुलिन मिळते ते टोचून घेण्याचेच.

प्रस्तुत पुस्तिका या खटपटीच्या एका शाखेविषयी आहे. वनस्पतीचा डिंक, वनस्पतीचा चीक, आणि अखेरीस वनस्पतीची सबंध पेशीच इन्सुलिनचे वाहन म्हणून वापरता येईल काय, हा तिचा विषय. तो बेळगाव तालुक्याच्या वाचकापुढे मराठीत मांडावयाचा, तर त्याला काही प्रयोजन हवे, आणि ते या मुलखात पावलोपावली सापडते. मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातील कडोली, अगसगे, केदनूर, काकती ही गावे भात, बटाटा, रताळी आणि भाजीपाला पिकविणारी. त्यांपैकी कडोली तर दरवर्षी स्वतःच्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलन भरविणारे. मधुमेह हा पेठेतील सावकाराचा आणि खुर्चीवरच्या कारकुनाचा रोग, अशी जी एक समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली, तिला या गावांतही आता आधार उरलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी दहा लक्ष मधुमेही आहेत, म्हणजे प्रौढांमध्ये शेकडा ११.४. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा १९९३ पासून जो दीर्घ अभ्यास केला, त्यात आपले मूल जन्मतः वजनाने हलके असूनही त्याच्या अंगी चरबीचे प्रमाण अधिक असते हे दिसून आले. तेव्हा शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला हा रोग कसा जडतो, याचा उलगडा अंशतः तरी तेथे होतो.

अशा माणसाला इन्सुलिन लागू झाले म्हणजे काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. दहा मिलिलिटरची कुपी, तिच्यातील प्रत्येक मिलिलिटरात ४० एकके, आणि तिच्यासाठी लाल टोपणाची, ४० च्या खुणांची सिरिंज. पेनात घालावयाचे कार्ट्रिज मात्र मिलिलिटरला १०० एककांचे. कुपी ४० ची आणि सिरिंज १०० च्या खुणांची अशी गल्लत झाली, तर चाळीस एकके घेतली असे समजणाऱ्याच्या अंगात प्रत्यक्षात सोळाच जातात, आणि गल्लत उलट दिशेने झाली तर अडीचपट जाऊन तो भोवळ येऊन पडतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश उष्णतामानात ठेवावयाची. ज्या घरी फ्रिज नाही, किंवा असून उन्हाळ्यात वीज नाही, तेथे ती प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवलेली मी पाहिली आहे, आणि ही तजवीज वेडगळ नाही, कारण मातीच्या भांड्यात उष्णता काही अंशांनी खचित उतरते. परंतु सुगीच्या दिवसांत, जेवणाची वेळ ठरलेली नसताना, बांधावर बसून पोटाच्या कातडीची चिमूट धरून सुई टोचणे ही गोष्ट किती जण नेमाने करतात, हे दवाखान्याच्या नोंदवहीत दिसत नाही. तोंडावाटे इन्सुलिन हवे ते या माणसासाठी.

मग अडते कोठे? इन्सुलिन हे प्रथिन आहे. एकवीस आणि तीस अशा एकूण ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, गंधकाच्या सांध्यांनी एकमेकींना जखडलेल्या. त्यांचा अनुक्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत पुरता लावून दाखविला आणि त्याबद्दल त्यांस १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता जठर आणि आतडे यांना प्रथिन म्हणजे अन्न. ते डाळीतले आहे की औषधाचे आहे हा भेद त्यांना नाही. निपाणीकडून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीला कोगनोळीच्या नाक्यावर जशी थांबून झडती द्यावी लागते, तशी या प्रथिनाला एकामागून एक तीन नाक्यांवर द्यावी लागते: पहिल्या नाक्यावर जठरातील आम्ल व पेप्सिन त्याची घडी उसकटतात, दुसऱ्यावर लहान आतड्यातील ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आदी विकरे त्याचे तुकडे पाडतात, आणि त्यांतूनही जो माल शाबूत उरेल त्याला तिसऱ्या नाक्यावर, म्हणजे आतड्याच्या अस्तरापाशी, परवाना नाही म्हणून अडवून ठेवण्यात येते, कारण त्या अस्तरातील पेशींच्या सांध्यांतून फार लहान रेणूच पार होतात आणि इन्सुलिनचा रेणुभार ५,८०० च्या घरात आहे. पहिल्या दोन नाक्यांवरचा बंदोबस्त गाडीवर भक्कम आच्छादन घालून करता येतो. तिसऱ्या नाक्यावर आच्छादन कामास येत नाही, तेथे दस्तकच लागते. आणि ही दोन कामे भिन्न आहेत हे ज्याच्या ध्यानात आले, त्याला या विषयातील निम्मे वाङ्मय वाचण्याचे श्रम वाचले.

एवढी यातायात करून लाभ कोणता, असेही कोणी विचारील. सुईचा त्रास वाचतो हा लाभ उघडच आहे. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा लाभ निराळा आहे. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातून सुटलेले इन्सुलिन प्रथम यकृतात जाते, आणि यकृत त्यातील जवळजवळ अर्धे आपल्याकडे ठेवून उरलेले सर्वांगाला पाठविते. कातडीखाली टोचलेले इन्सुलिन हा क्रम मोडते. ते आधी सर्वांगात पसरते आणि यकृताला त्याचा हिस्सा मागाहून व अपुरा पोहोचतो. आतड्यातून शोषले गेलेले इन्सुलिन मात्र प्रतिहारी नीलेच्या वाटेने थेट यकृतात जाईल, म्हणजे निसर्गाने आखलेल्या मार्गानेच जाईल.

आच्छादनाच्या कामात आपल्या आसपासच्या विद्वानांचा वाटा लहान नाही. बेळगावाहून दोन तासांच्या वाटेवर असलेल्या धारवाडला, कर्नाटक विद्यापीठाच्या बहुवारिक-विज्ञान केंद्रात, प्रा. तेजराज अमिनभावी आणि त्यांचे सहकारी यांनी आम्लात मिटून राहणारे आणि आतड्याच्या अल्कधर्मी रसात फुगून उघडणारे सूक्ष्म कण तयार करून त्यांत इन्सुलिन भरले. या कामाचे निबंध २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि पूना कॉलेज ऑफ फार्मसीच्या वर्षा पोखरकर यांच्या चमूने सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर इन्सुलिन बसवून ते मधुमेही उंदरांना पाजले, आणि २००७ च्या निबंधात रक्तातील साखर शेकडा तीसच्या आसपास उतरल्याची नोंद केली. परंतु धारवाडचे ते कण मनुष्यनिर्मित बहुवारिकाचे (पॉलिमरचे) होते, आणि पुण्याच्या सुवर्णकणांना आधार देणारे कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे. वनस्पती यांत अद्याप आलेली नव्हती.

वनस्पतीचे पहिले रूप म्हणजे डिंक आणि चीक. गवारीच्या बियांचा गर, चिंचोक्याचे पीठ, इसबगोलाची साल, कांडोळीचा डिंक, लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील पेक्टिन, भेंडी चिरताना बोटांना तारा सुटतात तो बुळबुळीत रस, ही सारी लांब साखळ्यांची शर्कराद्रव्ये होत. घोंगडीला चिंचोक्याची खळ देताना ज्याने पाहिली असेल त्याला हे द्रव्य वाळल्यावर धाग्याभोवती कसे घट्ट बसते आणि पाण्यात पडताच कसे फुगते ते सांगावे लागणार नाही. औषधशास्त्राने याच गुणाचा उपयोग केला. माणसाच्या पाचकरसांना यांतील बहुतेकांचे विघटन करता येत नाही, मोठ्या आतड्यातील जंतूंना करता येते, सबब औषध तेथवर सुखरूप नेण्यास हे डिंक सोयीचे. ते स्वस्त आहेत, बिनविषारी आहेत, खेड्यात पिकतात. तथापि त्यांच्यावर जो स्तुतिवर्षाव अलीकडे होतो तो मला थोडा अतिरिक्त वाटतो, कारण डिंक हा आच्छादनाचे काम करतो, दस्तक तो देऊ शकत नाही. आणि एका हंगामातील डिंक दुसऱ्या हंगामातील डिंकाशी दाटपणात तंतोतंत जुळत नाही, ही गोष्ट लाडवात खपली तरी इन्सुलिनच्या मात्रेत खपणारी नव्हे.

वनस्पतीचे दुसरे रूप याहून कितीतरी विलक्षण आहे, आणि पुस्तिकेचा गाभा तेच आहे. इन्सुलिन आधी तयार करून मग वनस्पतीच्या द्रव्यात गुंडाळण्याऐवजी ते वनस्पतीच्या पेशीतच तयार करवून घ्यावे, आणि ती पेशीच पाकीट म्हणून गिळावी, असा हा विचार. आश्चर्य हे की त्याच्या इतिहासात जी पिके आली ती आपल्याच मुलखाची वाटावीत. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात अराकावा, लँग्रिज प्रभृतींनी बटाट्यात इन्सुलिनचे जनुक घातले, आणि त्याला पटकीच्या जंतूच्या विषाचा एक निरुपद्रवी अंश जोडून दिला. हा अंश आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहक-रेणूला जाऊन चिकटतो आणि आपल्याबरोबर जोडीदारालाही आत नेतो. नाक्यावरचे दस्तक ते हेच. तो बटाटा खाणाऱ्या उंदरांच्या स्वादुपिंडावर त्यांच्याच प्रतिकारशक्तीचा जो हल्ला होत असे तो सौम्य झाला. येथे साखर उतरविणे हा हेतू नव्हता, शरीराला इन्सुलिनची ओळख पटवून देणे हा होता, आणि हा भेद वृत्तपत्री मजकुरात नेहमी पुसला जातो. पुढे कॅनडातील कॅलगरीच्या सेमबायोसिस कंपनीने करडईच्या बियांत मानवी इन्सुलिन तयार केले. ते तेलाच्या सूक्ष्म कणांवर बसवून वेगळे काढण्याची युक्ती नामी होती, पण ते टोचण्यासाठीच होते, आणि २०१२ मध्ये कंपनीचा कारभारच आटोपला.

तिसरे पीक तंबाखू. हेन्री डॅनिएल हे मदुराईच्या कामराज विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले संशोधक; त्यांनी पेशीच्या केंद्रकाऐवजी तिच्या हरितलवकात जनुक बसविण्याची विद्या वाढीस लावली. यात दोन गोष्टी साधतात. पानाच्या एका पेशीत हरितलवकांच्या जनुकसंचाच्या हजारो प्रती असतात, म्हणून प्रथिनाचे उत्पन्न अमाप येते. आणि बहुतेक पिकांत हरितलवक मातेकडूनच पुढल्या पिढीत जात असल्यामुळे परागाबरोबर ते जनुक शेजारच्या शेतात पसरण्याचे भय पुष्कळ कमी होते. २००७ च्या निबंधात पूर्व-इन्सुलिन आणि पटकीचा तो अंश यांची जोडी तंबाखूच्या पानातील विद्राव्य प्रथिनांत शेकडा १६ पर्यंत आणि सलाडाच्या लेट्यूस पानात २.५ पर्यंत भरली. २०११ च्या निबंधात हे प्रमाण तंबाखूच्या पानातील प्रथिनांत ४७ आणि लेट्यूसच्या ५३ पर्यंत चढले. निपाणीच्या वखारींत पिढ्यानपिढ्या जे पान चाळले आणि कुटले गेले, ज्याच्या धुरळ्याने विडी वळणाऱ्या बायांची छाती भरून गेली, ज्याच्या दरासाठी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले आणि त्यांच्यावर सरकारने गोळ्या झाडल्या, त्या पानाने प्रयोगशाळेत इन्सुलिन धारण करावे, ही घटना मला तरी उदासीनपणे नोंदविता येत नाही. अर्थात तंबाखूचे पान निकोटिनमुळे खाण्यायोग्य नसल्याने पुढील काम लेट्यूसवरच गेले, आणि निपाणीच्या शेतकऱ्याला यातून बाजार मिळेल अशी आशा कोणी लावून घेऊ नये.

लेट्यूसच्या पेशीची भिंत सेल्युलोजची. माणसाच्या पाचकरसात सेल्युलोज फोडणारे विकर नाही. म्हणून जठरातील आम्ल आणि पेप्सिन बाहेरच राहतात, आतड्यातील जंतू ती भिंत उकलतात, आतील प्रथिन मोकळे होऊन दस्तकाच्या जोरावर अस्तर ओलांडते, आणि पलीकडे शरीरातीलच एक विकर जोडीची गाठ तोडून इन्सुलिन सुटे करते. पाने थंडीत गोठवून निर्वात स्थितीत वाळविली की त्यांची पूड साध्या खोलीत टिकते, फ्रिज लागत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिएल यांच्या प्रयोगात अशा पुडीने मधुमेही उंदरांची साखर पाव तासाच्या आत नियमित होऊ लागली, आणि टोचलेल्या इन्सुलिनने ती जशी एकाएकी फार खाली जाते तशी गेली नाही. या इन्सुलिनात क-पेप्टाइड हा तिसरा घटकही आहे, जो आपले शरीर निर्माण करते आणि बाजारातील कुपीत नसतो.

येथे एक खुलासा अवश्य आहे, कारण तो न केल्यास पुस्तिकेचा विपरीत उपयोग होईल. आपल्याकडे परसात, तुळशीच्या कट्ट्याशेजारी, ‘इन्सुलिन प्लांट’ म्हणून एक झाड हल्ली पुष्कळ ठिकाणी दिसते; त्याचे शास्त्रीय नाव कॉस्टस, आणि त्याचे आंबटसर पान सकाळी चावून खाणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. त्या पानात माणसाचे इन्सुलिन नाही. कारले, जांभळाची बी, मेथी, मधुनाशिनी, बिबळ्याच्या लाकडाचा पेला, यांचा साखरेवर काही परिणाम होतो की नाही हा स्वतंत्र शोधाचा विषय आहे, आणि बेळगावातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधींचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे; पण या पुस्तिकेचा तो विषय नव्हे. कारल्याच्या बाबतीत तर गंमत अशी की १९८१ मध्ये पुष्पा खन्ना आणि सहकाऱ्यांनी त्यातून इन्सुलिनसारखे जे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले, ते त्यांनी कातडीखाली टोचूनच दिले होते. तोंडावाटे घेतले तर तेही त्याच नाक्यांवर अडकणार. जनुक घालून, प्रयोगशाळेत वाढवून, मात्रा मोजून दिलेले पान निराळे आणि परसातले पान निराळे.

माझा स्वतःचा मुख्य आक्षेप मात्र परसातल्या पानावर नसून प्रयोगशाळेतल्या उत्साहावर आहे, आणि पुस्तिकेच्या लेखकाने तो छापू दिला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तोंडावाटे इन्सुलिन आतड्यात पोहोचविणे हे आता दुःसाध्य राहिलेले नाही. दररोज सारखेच पोहोचविणे दुःसाध्य आहे. बंगळूरच्या बायोकॉनने इन्सुलिनच्या रेणूलाच एक पुच्छ जोडून गोळी बनविली. २०११ मध्ये तिच्या चाचणीने ठरविलेले मुख्य उद्दिष्ट गाठले नाही. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कची गोळी आठ आठवड्यांच्या चाचणीत टोचण्याच्या इन्सुलिनच्या बरोबरीने उतरली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, पण आतड्यातून शोषले जाणारे प्रमाण इतके अल्प की एका माणसासाठी कितीएक माणसांचे इन्सुलिन खर्ची पडावे. कंपनीने ते काम बंद केले. इस्रायलच्या ओरामेडची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी जानेवारी २०२३ मध्ये निष्फळ ठरली. वनस्पतीच्या पेशीत इन्सुलिन पिकविले तर वाया जाणाऱ्या मालाची किंमत उतरते, हा या मार्गाचा खरा जोर आहे आणि तो मी कमी लेखीत नाही. परंतु इन्सुलिन असे औषध आहे की ज्याची मात्रा थोडी उणी पडली तर साखर चढते आणि थोडी अधिक झाली तर माणसाची शुद्ध हरपते. आज भाकरी आणि झुणका, उद्या एकादशीची रताळी, परवा हगवण लागलेली. आतड्यातील जंतू प्रत्येकाचे वेगळे आणि ऋतूगणिक बदलणारे. पेशीची भिंत उकलण्याचे काम ज्या जंतूंवर सोपविले, त्यांच्या वक्तशीरपणाला जामीन कोण? पिंजऱ्यातील उंदीर रोज एकच खाणे एकाच वेळी खातो. सुगीतला शेतकरी तसा खात नाही.

कायद्याची बाजू लेखकाने थोडक्यात आटोपली आहे, ते योग्यच झाले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘कुडची लोकल’सारख्या देशी वांग्यांत जनुक घालून सिद्ध केलेले बीटी वाण फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने स्थगित केले, आणि ती स्थगिती उठण्याचे चिन्ह पुढे दिसले नाही. औषध धारण करणारे पीक तर उघड्या रानात येऊच नये, बंदिस्त काचघरातच वाढावे, यावर दुमत असण्याचे कारण नाही. म्हणून ‘शेतातून औषध’ असे जे चित्र काही उत्साही लेख रंगवितात ते कडोलीच्या भाजीवाल्याला लागू पडत नाही.

पुस्तिकेची सहा प्रकरणे आहेत. विज्ञानाशी परिचय नसलेल्या वाचकाने दुसरे आणि चौथे आधी वाचावे. पहिले प्रकरण इतिहासाचे असून सावकाश वाचले तरी चालेल, आणि तिसऱ्यातील रासायनिक सूत्रे सोडून दिली तरी पुढचे काही अडत नाही. पाचव्या प्रकरणात मनुष्यावरील चाचणीला कोणकोणते प्रश्न सोडवावे लागतील याची चर्चा आहे. त्यात वेगवेगळ्या आहारावर असलेल्या माणसांत शोषणाचे प्रमाण किती हलते हा प्रश्न लेखकाने आरंभी घातला, तो माझ्या आग्रहावरून. सहावे प्रकरण कुपी, सिरिंज आणि साठवण यांविषयी आहे. ते विषयाबाहेरचे आहे असे मुद्रितशोधकाने सुचविले होते. आम्ही ते ठेवले, कारण पानातले इन्सुलिन बाजारात येईतो कुपीतलेच वापरावयाचे आहे, आणि ते वापरणाऱ्याला लाल टोपणाची सिरिंज कोणती हे ठाऊक असले पाहिजे.

कडोली, ता. जि. बेळगाव